कान ‘फुटला’ नव्हता

केसपेपरवर खिडकीतल्या बाईंनी लिहिलं होतं : ‘डावा कान फुटला, ४ दिवस.’ श्रावणात असे पाच-सात पेपर रोज येतात. नदीत डुंबलेली पोरं, जुनं भोक असलेला पडदा, पुन्हा वाहायला लागलेला कान. मान वर न करताच मी कान बघायच्या दुर्बिणीकडे हात नेला. मग समोर बघितलं, तर कानातून काहीच वाहत नव्हतं. कानाच्या वरच्या अर्ध्या भागातल्या घड्या आणि खाचा बुजून गेल्या होत्या. तिथं जांभळट, तुकतुकीत फुगा आला होता. बोटानं दाबला की आतलं पाणी हलल्यासारखं जाणवायचं.

पोरगा १९ वर्षांचा, वजन ६२ किलो, कुस्ती खेळणारा. त्याला इथं पैलवानच म्हणू. आमचं ग्रामीण रुग्णालय अमरावती जिल्ह्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात आहे. त्याचं गाव तिथून १८ किलोमीटर. नागपंचमीच्या कुस्त्यांच्या दंगलीत तो खाली पालथा पडला होता. वरच्यानं घिस्सा डाव मारायला मान दाबली आणि डावा कान त्याचं मनगट आणि माती यांच्यामध्ये चांगला चोळला गेला. कुस्ती बरोबरीत सुटली. रात्रीपर्यंत कान सुजला.

घरच्यांनी सांगताना शब्द वापरला ‘कान फुटला’. मार लागून फुटला, असं त्यांना म्हणायचं होतं. पण मराठीत कान फुटला की पू येतो. गावातल्या एका दवाखान्यात हाच शब्द ऐकून कानात टाकायचे थेंब दिले गेले. तीन दिवस ते इमानदारीनं टाकले जात होते, सूज होती बाहेर आणि औषध जात होतं आत. त्या दवाखान्याला मी नावं ठेवणार नाही, कारण तो पेपर वाचून माझाही हात थेंबांच्याच दिशेनं निघाला होता.

थेंबांच्या जोडीला घरी मिठाचा शेक चालू होता. आणि आजीनं बिबा लावला होता.

हे बिब्याचं प्रकरण जरा सविस्तर सांगतो, कारण त्यानं मला पाच मिनिटं घाम फोडला. पोराच्या कानामागे, हाडाच्या उंचवट्यावर काळसर डाग होता. डोक्याला मार लागून कवटीचा तळ तडकला, तर दोनेक दिवसांनी नेमका त्याच जागी असा काळानिळा डाग उमटतो. दंगलीतला मार, चौथा दिवस, कानामागे डाग. मी एकदम सावध झालो. बेशुद्ध पडला होता का, उलटी झाली का, नाकातून किंवा कानातून रक्त वा पाण्यासारखं काही आलं का, चेहरा वाकडा होतो का, सगळं विचारलं. सगळ्याला ‘नाही जी’. कानाच्या नळीत रक्त नव्हतं, पडदा शाबूत होता. ट्यूनिंग फोर्कनं दोन्ही कानांचं ऐकणं तपासलं, ते ठीक होतं. मग स्पिरिटचा बोळा घेऊन डागाजवळ नीट बघितलं, तर कडेला बारीक पाणीदार फोड. आजी दारातूनच म्हणाली, “थो बिबा होय साहेब. मीच लावला. सूज वढून घेते म्हनून.”

बिब्याचं तेल कातडीवर काळा डाग पाडतं आणि कित्येकांना फोडही आणतं. कंबर-गुडघ्याला लावून वर्षानुवर्षं ज्यांनी निभावलं, त्यांना ते पटत नाही. पण कानाची कातडी पातळ, आणि तिच्याखाली साठलेलं रक्त. जंतूंना आत शिरायला फोडाइतकी सोपी वाट नाही. शेकानं रक्तवाहिन्या रुंदावून आतला रक्तस्राव वाढला असणार, तो वेगळाच. पहिल्या काही तासांत या कानाला हवा होता तो बर्फ, तोही फडक्यात गुंडाळून.

आता या फुग्यात काय असतं ते. भिकबाळी टोचतात तो कानाचा वरचा भाग कूर्चेचा, म्हणजे लवचीक हाडासारख्या पत्र्याचा. डूल घालतात तो खालचा मऊ लोंबता भाग नुसता कातडीचा आणि चरबीचा, त्यात कूर्चा नाही. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावर घट्ट बसलेलं एक पातळ आवरण असतं, तेच तिला पोसतं. मातीच्या भिंतीचा पोपडा सुटावा तसं चोळण्या-घासण्यानं हे आवरण कूर्चेपासून सुटतं. मधल्या बारीक वाहिन्या तुटतात आणि त्या पोकळीत रक्त भरतं. कानाच्या पुढच्या बाजूला कातडी कूर्चेला अगदी चिकटून असते, म्हणून पोपडा बहुतेक वेळा तिथंच सुटतो. मागची कातडी थोडी सैल असते, ती सरकून वाचते.

रक्त तसंच राहिलं तर खालची कूर्चा उपाशी मरते. वरचं सुटलेलं आवरण मात्र जिवंत असतं, आणि ते आपलं काम चालू ठेवतं, म्हणजे नवी कूर्चा तयार करतं. फक्त ती जुन्या आकारावर न होता गुठळीवर, वेडीवाकडी तयार होते. पैलवानांचे गाठाळ, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे कान असे बनतात. आखाड्यात त्याला ‘कान तुटला’ म्हणतात, आणि म्हणताना आवाजात दुःख नसतं.

त्या दिवशी सोबत आलेल्या वस्तादांचे दोन्ही कान तसेच होते. पंचावन्न-साठीचे, धोतर, खांद्यावर दुपट्टा. त्यांचा मुद्दा सरळ होता. “साहेब, दुखनं कमी करा. बाकी कान तं तुटनच हाय. ज्याचा कान नाही तुटला थो पयलवान कायचा जी?” त्यांचे गुरू अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात तयार झालेले, हे त्यांनी पहिल्या दोन मिनिटांत सांगितलं. या मंडळाचा चमू १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवायला गेला होता, हे आमच्या भागात पैलवानकी करणाऱ्या कुणालाही पाठ असतं. अशा परंपरेपुढे माझ्या सुईची काय मातब्बरी!

पैलवान स्वतः काही बोलला नाही. फक्त विचारलं, “पोळ्याच्या दंगलीत उतरता येईन का?” नागपंचमी ते पोळा म्हणजे पंचवीस दिवस. त्यातले चार गेले होते.

मग मी जे केलं ते चुकलं. पुस्तकात लिहिलेलं असतं की छोटा, ताजा, साधारण दोन सेंटिमीटरपेक्षा लहान आणि दोन दिवसांच्या आतला रक्ताचा फुगा असेल, तर जाड सुईनं ओढून काढता येतो. याचा फुगा तीन सेंटिमीटर लांब होता आणि चार दिवसांचा होता, म्हणजे दोन्ही अटींत बसत नव्हता. पण मंगळवारचा बाजार, बाहेर दीडशे पेशंट. मी अठरा नंबरची सुई टोचली, चार मिली काळं रक्त निघालं आणि फुगा बराच बसला. बोटाखाली अजून काहीतरी लिबलिबीत लागत होतं. त्या गुठळ्या होत्या. त्या सुईतून येणार नव्हत्या हे मला कळत होतं. तरी कानावर कापूस ठेवून डोक्याभोवती दाबपट्टी गुंडाळली, उद्या दाखवायला यायचं सांगितलं आणि पुढचा पेपर घेतला.

ती दाबपट्टी का चालत नाही, हे आमच्याकडच्या नव्या डॉक्टरांना मी आता कान हातात धरून दाखवतो. कान सपाट नसतो. त्याला उंचवटे आहेत, खळगे आहेत. वरून गुंडाळलेली पट्टी उंचवट्यांवर टेकते, आणि जिथं पोकळी आहे त्या खळग्यात दाब पोचतच नाही. सुटलेलं आवरण कूर्चेवर परत चिकटायला काही दिवस लागतात. तोवर ते जागेवर दाबून धरलं नाही तर तीच पोकळी पुन्हा भरते. रक्त काढायला पाच मिनिटं लागतात. उपचार त्याच्या नंतरच्या आठवड्यात असतो.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. आला तो तीन दिवसांनी, सातव्या दिवशी, पट्टीशिवाय.

“पट्टी कायले काढली बाबू?”

“भिजली जी. कपाशीवर फवारा माराचा होता, पान्यानं भिजली अन् घामानं गळून पडली.”

सकाळची एसटी चुकली की दुपारपर्यंत गाडी नाही, आणि पावसाची उघडीप मिळाली की फवारणी थांबत नाही. फेरतपासणी चोवीस तासांत असं पेपरवर लिहून देणं सोपं. त्या माणसाचा दिवस कसा जातो हे विचारलं असतं, तर पहिल्याच दिवशी दाब टाक्यांनी बांधून पाठवला असता.

कान आता पहिल्यापेक्षा मोठा होता, गरम होता. बिब्याच्या फोडांपैकी एक फुटून तिथली कातडी लाल झाली होती. लाली वरच्या भागातच होती, खालची डुलाची पाळी स्वच्छ होती. ही खूण महत्त्वाची. कूर्चेच्या आवरणाला संसर्ग झाला तर पाळी बहुधा वाचते, कारण तिच्यात कूर्चाच नाही. नुसत्या कातडीचा संसर्ग असेल तर पाळीही सुजते. मला संसर्गाची सुरुवात वाटली, पू अजून नव्हता. अमरावतीच्या एका कान-नाक-घसा तज्ज्ञांना फोन लावला. ते म्हणाले, सात दिवस म्हणजे काठावर आहात. त्यापुढे गुठळी घट्ट होऊन तंतू बनायला लागतात, मग ती खरवडून काढावी लागते. पाठवता का? पैलवानाचे वडील म्हणाले, “आज कसं जमन जी?” मग आम्हीच करायचं ठरवलं. पू निघाला किंवा कूर्चा मऊ लागली तर त्याच दिवशी ॲम्ब्युलन्सनं पाठवायचं, हेही ठरवलं.

भूल कानाभोवती कडं करून दिली. एक टक्का लिग्नोकेन, एकूण आठ मिली म्हणजे ८० मिलिग्रॅम. त्याच्या वजनाला साध्या लिग्नोकेनची मर्यादा २७० मिलिग्रॅमच्या आसपास येते, त्यामुळे वाव भरपूर होता. पाळीच्या खालून एकदा आणि कानाच्या वरून एकदा सुई घालून पुढे-मागे औषध सोडलं की बहुतेक कान बधिर होतो. ‘बहुतेक’ म्हणतो, कारण नळीच्या तोंडाशी असलेल्या वाटीसारख्या भागात व्हेगस नावाच्या मज्जातंतूची एक फांदी येते आणि या कड्यात ती सापडत नाही. मी विसरलो नव्हतो, पण शेवटचा टाका त्या भागाच्या कडेला गेला तेव्हा पैलवान दचकला. तिथं थोडं औषध वेगळं दिलं.

चीर दीड सेंटिमीटर, कानाच्या बाहेरच्या कडेच्या आतल्या घडीत, म्हणजे व्रण घडीत लपतो. आतून जांभळाच्या गरासारख्या गुठळ्या निघाल्या. पू नव्हता. पोकळी सलाइननं स्वच्छ धुतली, कूर्चेला बोट लावून बघितलं, ती कडक होती. हायसं वाटलं.

आता दाब. यासाठी दंतवैद्य वापरतात ते कापसाचे गोल रोल उत्तम. आमच्या रुग्णालयात दाताची खोली व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिथल्या मॅडमकडून सहा रोल आणले. कानाच्या पुढे खळग्यात एक, मागे एक, मध्ये व्हॅसलीनची जाळी, आणि नायलॉनचा धागा कानातून आरपार नेऊन दोन्ही रोल एकमेकांकडे ओढून बांधले. असे चार टाके. गाठ इतकी घट्ट की आवरण कूर्चेला टेकेल, पण कातडी पांढरी पडणार नाही. फार आवळलं तर दाबाखालची कातडीच मरते. रोल नसतील तर निर्जंतुक केलेली शर्टाची बटणंही दोन्हीकडून लावतात. आमच्या नर्सताईंना ती कल्पना इतकी आवडली की पुढच्या खेपेला बटणंच वापरा म्हणून त्या मागे लागल्या आहेत.

अँटिबायोटिक हा जरा वादाचा भाग. ताज्या, स्वच्छ कानाला प्रत्येक वेळी ते लागतंच असं मला वाटत नाही. इथं फुटलेले फोड होते, लाली होती, दुसऱ्यांदा भरलेलं रक्त होतं, आणि कूर्चेच्या संसर्गात सुडोमोनस हा जंतू नेहमीचा. साध्या गोळ्या त्याच्यावर चालत नाहीत, म्हणून सिप्रोफ्लॉक्सॅसिन ५०० दोन वेळा, सात दिवस. पण या औषधानं क्वचित स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या म्हणजे कंडरा, विशेषतः टाचेमागची, दुखावतात किंवा तुटतातही. खेळाडूला ते देताना हे सांगितलंच पाहिजे. जोर, बैठका, धावणं, दोर, सगळं बंद ठेवायला सांगितलं. टाचेत दुखलं तर गोळी थांबवून लगेच यायचं. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. आखाड्याची माती लक्षात घेता ते विसरून चालत नाही. आणि फवारणी आठ दिवस भावानं करायची, हे वडिलांकडून कबूल करून घेतलं.

याच दिवसांत वस्तादांचं मन वळलं, ते माझ्या बोलण्यानं नाही. पैलवान टेबलावर असताना मी त्यांना काही विचारलं की ते उजवा कान पुढे करत. डावीकडून बोललं तर उत्तर नाही. टाके झाल्यावर म्हटलं, वस्ताद, बसा जरा. डाव्या कानाची वाटी जुन्या गाठीनं इतकी भरली होती की नळीचं तोंड फटीएवढं राहिलं होतं. तिच्यामागे वर्षानुवर्षांचा मळ दगड होऊन बसलेला. चार दिवस मऊ करायचे थेंब देऊन मग तो काढला. त्या दिवशी ते बाहेर गेले आणि दोन मिनिटांत परत आले. “साहेब, चक्कीचा आवाज येऊन रायला.” आमच्या रुग्णालयासमोर पिठाची चक्की आहे. त्यांना पुढे काही समजावून सांगावं लागलं नाही.

आठव्या दिवशी तपासणी, दहाव्या दिवशी पुन्हा. लाली ओसरली, पुन्हा रक्त साठलं नाही. या वेळी प्रत्येक खेपेला वस्ताद स्वतः मोटरसायकलवर घेऊन आले. चौदाव्या दिवशी, म्हणजे दाब बांधल्याला सात दिवस झाल्यावर, टाके आणि रोल काढले. कानाच्या घड्या परत दिसत होत्या.

मध्येच एक सांगायला हवं. सुजलेला प्रत्येक कान असा नसतो. मार लागल्याचं आठवत नाही, दुखत नाही, आणि सुईत रक्ताऐवजी वाळल्या गवताच्या काडीच्या रंगाचं पाणी येतं, तर तो वेगळा विकार. लहान मुलाचे दोन्ही कान असे सुजलेले दिसले तर खेळाची गोष्ट ऐकून समाधान मानू नये, कुणी मारतंय का ते विचारावं. आणि कबड्डीत गुडघा लागून कान फाटला, कूर्चा उघडी पडली, तर तिच्यावर कातडीचं पांघरूण घालणं हे पहिलं काम.

राहिला पोळा. टाके काढल्यापासून पोळ्याला अकरा दिवस. रोल निघाल्यावर निदान आठवडाभर अंगाला अंग भिडू देऊ नये, आणि नंतरही कान झाकूनच, असा माझा दंडक. त्या हिशेबानं तो बसत होता, पण संसर्ग नुकताच आवरलेला आणि दंगल मातीची. मी नाही म्हणालो. पैलवानाचा चेहरा पडला. वस्ताद मध्ये पडले, म्हणाले, कान झाकायचं ते काय म्हणता ते आणतो. अमरावतीहून खेळाच्या दुकानातून मऊ गादीचा, पट्ट्यांचा कानरक्षक आणला. आंतरराष्ट्रीय नियमांतही धातूचा किंवा कडक भाग नसलेला असा रक्षक चालतो, आणि अमेरिकेतल्या शाळकरी कुस्तीत तर तो सक्तीचा आहे. आमच्या मातीत मात्र तो कुणी पाहिलेला नव्हता. शेवटी तडजोड झाली : एकच कुस्ती, रक्षक घालून, आणि कानाला ठणका लागला तर बाहेर.

मी बघायला गेलो होतो. पोरगा उतरला तेव्हा कडेनं कुणीतरी ओरडलं, “अरे, बैलाले बाशिंग पायलं, पयलवानाले आजच पायलं!” सगळं मैदान हसलं. वस्ताद हसले नाहीत. कुस्ती पैलवान हरला, चार मिनिटांत, ढाक डावावर. कान ठीक होता.

सहा आठवड्यांनी बघितला तेव्हा वरच्या घडीत हरभऱ्याच्या दाण्याएवढी जाड गाठ राहिली होती. पहिल्याच दिवशी चीर दिली असती तर कदाचित तीही राहिली नसती. पैलवानाला तिचं काही वाटत नाही, उलट मित्रांना दाखवतो.

ड्रेसिंगच्या कपाटात आता एक स्टीलचा डबा असतो. त्यात रोल, व्हॅसलीनची जाळी, नायलॉन, आणि नर्सताईंनी आणलेली चार पांढरी बटणं. दिवाळीनंतर एका रात्री साडेनऊला वस्ताद दुसऱ्या पोराला घेऊन आले. मार लागून तीन तासही झाले नव्हते. कानावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ धरलेला. मी डबा उघडला, मग कान नीट बघितला. लाल होता, दुखरा होता, पण सगळ्या घड्या जागेवर होत्या आणि बोटाखाली कुठंच पाणी हलत नव्हतं. नुसता मुका मार. काढण्यासारखं काही नव्हतं. बर्फ चालू ठेवा, सकाळी पुन्हा दाखवा, म्हणालो आणि डबा बंद केला.

वस्ताद माझ्याकडे बघत राहिले. “एवढ्या रातच्याले, इतक्या थंडीत आनलं जी याले. अन् तुमी सुईही नाही लावली?”